स्टूल रिपोर्ट ‘निल’ यायलाच हवा का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी प्रवासातून परतल्यावर त्यांना चार दिवस सडकून जुलाब झाले. ते थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. जेवणानंतर पोट फुगतं, दिवसातून तीन-चार वेळा पातळ होते, मधूनच दोन दिवस काहीच होत नाही. स्टूल टेस्टमध्ये ‘ब्लास्टोसिस्टिस’ नावाचा आतड्यातला सूक्ष्म जीव निघाला. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाचे दोन कोर्स झाले. पहिल्यानं आठवडाभर बरं वाटलं, दुसऱ्यानंतर पोट जास्तच बिघडलं, आणि रिपोर्ट होता तसाच. मग पतीचीही तपासणी केली. त्यांच्याही पोटात तोच निघाला, पण त्यांना काडीचा त्रास नाही. एका मैत्रिणीनं इंटरनेटवरून ‘पॅरासाइट क्लीन्स’, म्हणजे पोटातले परजीवी साफ करण्याच्या पुड्या, मागवायला सांगितलंय. भावानं उलट एक बातमी पाठवली की हा जंतू ज्यांच्या पोटात असतो ती माणसं जास्त निरोगी असतात. त्या लिहितात, ‘‘मला एकदा स्पष्ट सांगा, हा माझा शत्रू की मित्र? आपल्या आत दुसरं काहीतरी जिवंत आहे या विचारानंच शिसारी येते. रिपोर्ट निल, म्हणजे काहीच सापडलं नाही असा, आल्याशिवाय मला चैन पडणार नाही. चार वर्षांच्या मुलीची टेस्ट पुढच्या आठवड्यात ठेवली आहे. तोवर तिला कुशीत घेऊन झोपू की नको, तेही कळत नाही.’’

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मूळ पत्रात ‘निल’ हा शब्द पाच वेळा आलाय, आणि पोट नेमकं केव्हा, कशानं, कुठे बिघडतं याबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. दोष देत नाही. हातात रिपोर्ट पडला की सगळ्यांचंच असं होतं, दुखणं पोटातून उठून कागदावर जाऊन बसतं. आधी ते कागदावरून खाली उतरवू, मग ब्लास्टोसिस्टिसचं काय करायचं ते बघू.

प्रयोगशाळेत होते तेव्हा हा जीव मी शेकडो वेळा पाहिलाय. काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा थेंब, दोन्हींत काडीच्या टोकावर मावेल इतकाच नमुना, वर कव्हर स्लिप. भिंग फिरवत फिरवत तुम्ही कडेकडेनं सरकता आणि तो समोर येतो: गोल गरगरीत, मधे भलीमोठी पोकळी, आणि सगळा ऐवज कडेला रेटून बसवलेला, अंगठीच्या कड्यासारखा. कड्यावर दोन-चार ठिपके, ती केंद्रकं. आकार बहुतेकदा ५ ते १५ मायक्रोमीटर. त्याच्या अवतीभवती जी बारीक पूड हलताना दिसते ते जिवाणू, एकेक जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचा. नवख्याला तो यीस्ट वाटतो, नाहीतर तेलाचा थेंब. आणि सलाइनऐवजी कुणी साधं पाणी वापरलं तर त्याची ही पोकळीवाली अवस्था फुटून जाते, नि रिपोर्ट आपोआप ‘निल’. ज्या शब्दाची तुम्ही आठ महिने वाट पाहताय तो कधी कधी इतका स्वस्तात मिळतो.

त्याला यीस्ट समजण्याची चूक फक्त नवख्यांनी केलेली नाही. १९१२ साली ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याला ‘ब्लास्टोसिस्टिस होमिनिस’ असं नाव दिलं तेव्हापासून कित्येक दशकं तो यीस्टच्याच खात्यावर जमा होता. आज आपल्याला ठाऊक आहे की तो प्रोटिस्ट, म्हणजे एकपेशीय पण केंद्रक असलेला जीव आहे, आणि त्याची भावकी समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आणि डायटम या सूक्ष्म शेवाळाशी आहे. जंत नाही, कृमी नाही. त्यामुळे घरातल्या कुणी ‘जंताचं औषध घेऊन टाक’ म्हटलं तर ते कृमींसाठीचं औषध आहे, इथे त्याचा संबंध नाही, एवढं सांगून विषय संपवा.

आता तुमच्या पहिल्या गृहीतकाकडे येते: सापडला, म्हणजे त्यानंच केलं.

जगात शंभर कोटींहून जास्त माणसांच्या आतड्यात ब्लास्टोसिस्टिस असावा असा अंदाज आहे. सेनेगलमध्ये ९३ मुलांची तपासणी झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ९३ पैकी ९३ मुलांत तो होता, पोट बिघडलेल्यांत आणि ठणठणीत असलेल्यांतही. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या निरोगी प्रौढांच्या तपासणीत निम्म्याहून अधिक लोकांत तो सापडला, आणि काहींच्या पोटात तर वर्षानुवर्षं तोच मुक्कामाला असल्याचं दिसलं. जी गोष्ट इतक्या निरोगी लोकांत असते ती आजारी माणसातही सापडणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला जबाबदार धरता येत नाही. तुमच्याच घरात दुसरा कावळा तुमच्या पतींच्या फांदीवर निवांत बसलाय, आणि ती फांदी शाबूत आहे.

ही गाठ नवीन नाही. १६८१ साली लेव्हेनहूक या डच भिंगकारानं स्वतःचे जुलाब स्वतःच्या भिंगाखाली धरले आणि त्यात हलणारे इवलेसे जीव पाहिले. वर्णनावरून ते जिआर्डिया नावाचे प्रोटिस्ट असावेत असं मानतात. जिआर्डिया खरोखरच जुलाब घडवतो, त्यामुळे त्या वेळी गाठ बरोबर जुळली. पण पुढे कुठल्याही बिघडलेल्या पोटात जो जीव सापडेल तो गुन्हेगार, ही सवय लागली. ती मोडायला फार वेळ लागला. आमांशाच्या अमीबाचंच घ्या. एन्टअमीबा हिस्टोलिटिका आतड्याला जखमा करतो, यकृतापर्यंत पोचतो. एन्टअमीबा डिस्पार दिसायला हुबेहूब तसाच, पण निरुपद्रवी. हे दोन वेगळे असावेत असं ब्रुम्प्तनंच १९२५ साली म्हटलं होतं. ते रीतसर मान्य व्हायला १९९३ उजाडलं. मधल्या काळात डिस्पार बाळगणाऱ्या किती लोकांनी विनाकारण औषधं गिळली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते तुमच्या दोन कोर्सशी थेट जोडलेलं आहे. डाएन्टअमीबा फ्रॅजिलिस नावाचा असाच एक आतड्यातला प्रोटिस्ट आहे. डेन्मार्कमध्ये जुनाट पोटदुखी-जुलाब असलेल्या आणि हा जीव बाळगणाऱ्या ९६ मुलांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मेट्रोनिडॅझोल दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पोटाच्या तक्रारींत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही.

‘मग मला पहिल्या कोर्सनं बरं का वाटलं?’ हे तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच हवं. मेट्रोनिडॅझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवांना मारतं. ब्लास्टोसिस्टिस तसा आहे, पण मोठ्या आतड्यातले बहुसंख्य जिवाणूही तसेच आहेत, आणि गॅस तयार करणारी मंडळी त्यांच्यातच आहेत. ते तात्पुरते कमी झाले की पोट आठवडाभर हलकं वाटू शकतं. म्हणजे त्या आठवड्यातलं बरं वाटणं खरं असलं तरी त्यावरून ब्लास्टोसिस्टिस दोषी ठरत नाही. दुसऱ्या कोर्सनंतर जे बिघडलं त्याचाही रोख मला तिकडेच दिसतो: वस्ती सावरते न सावरते तोच पुन्हा तिच्यावर नांगर फिरला.

आता वस्तीबद्दल. ‘आपल्या आत दुसरं काहीतरी जिवंत आहे’ या विचारानं तुम्हाला शिसारी येते. समजू शकते. पण तुमच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, म्हणजे तुमच्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड. रिकामं, धुतलेलं, एकट्या माणसाचं असं आतडं कुणाकडेच नसतं. तेव्हा प्रश्न ‘कुणी आहे का’ हा नाहीच. जे आहेत ते एकमेकांशी कसे वागतात आणि त्यांच्या वागण्यातून काय तयार होतं, हे बघायचं. मला या विषयात सगळ्यात रमायला होतं ते इथेच, त्यामुळे जरा सैल सुटते.

आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लघुशृंखल मेदाम्लं बनतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. अस्तराच्या पेशी ते जाळतात, जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि म्हणून आतली पोकळी ऑक्सिजनविना राहते. हेच वातावरण त्या जिवाणूंना हवं असतं, आणि ब्लास्टोसिस्टिसलाही. म्हणजे तो टिकून आहे याचा एक अर्थ असाही निघतो की तुमच्या आतड्यातली हवा अजून फारशी बिघडलेली नाही. त्याची जिवाणूंशी जवळीक किती जुनी आहे पाहा: त्याच्या जनुकांपैकी काही, साधारण अडीच टक्क्यांपर्यंत, इतर जीवांकडून, मुख्यतः जिवाणूंकडून, आयती उचललेली आहेत. शेजाऱ्याची भांडी वापरता वापरता आपलीच होऊन जातात, तसं.

प्रोटिस्ट जिवाणूंना खातात, त्यांच्याशी अन्नासाठी झगडतात, आणि स्वतःही रसायनं सोडतात. यातली सर्वांत नीट उलगडलेली गोष्ट माणसातली नाही, उंदरातली आहे. प्रयोगासाठी वाढवलेल्या काही उंदरांच्या लहान आतड्यात टफ्ट नावाच्या पेशी फार जास्त होत्या, आणि बाहेरून विकत आणलेल्या उंदरांत कमी. का, ते कळेना. २०१६ मध्ये कारण सापडलं: जास्त पेशी असलेल्या उंदरांत ट्रायट्रायकोमोनास नावाचा प्रोटिस्ट बिनबोभाट राहत होता. तो चोथा आंबवून सक्सिनेट नावाचं रसायन सोडतो. दोन वर्षांनी कळलं की टफ्ट पेशींवर सक्सिनेट ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) असतो. सक्सिनेट लागलं की त्या पेशी इशारा देतात, रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात, श्लेष्म बनवणाऱ्या पेशी वाढतात, लहान आतडं चक्क लांब होतं. एका एकपेशीय जिवाच्या उष्ट्या रसायनानं यजमानाच्या आतड्याची बांधणी बदलते! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा निवला होता.

आणि मग ‘शत्रू की मित्र’ची पंचाईत. हाच ट्रायट्रायकोमोनास पोटात असलेले उंदीर साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गापासून बचावतात. त्याच उंदरांना आतड्याचा दाह घडवला तर मात्र तो जास्त भडकतो. सतत सावध असलेला पहारेकरी चोराला पकडतो आणि घरच्यांवरही भुंकतो. त्याचा एक सख्खा भाऊबंद अलीकडे वेगळा ओळखला गेला, तो सक्सिनेट बनवतच नाही, आणि त्यामुळे आतड्याची प्रतिक्रियाही निराळी होते. दिसायला सारखे, कुळ एक, पण जे सोडतात ते वेगळं.

ब्लास्टोसिस्टिसचंही असंच आहे. त्याचे अनेक उपप्रकार आहेत. माणसात मुख्यतः १ ते ४ हे आढळतात, आणि ३ हा सगळ्यात जास्त. उपप्रकार ७ पक्ष्यांत सापडतो, माणसात क्वचित. प्रयोगशाळेत हा ७ नंबरचा बिफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंना घटवतो. शिवाय ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तो इंडोल-३-अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवतो आणि त्यानं दाह वाढवणाऱ्या पेशींना चेव येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत उपप्रकार ४ नं मात्र उलट दाह शमवला. तुमच्या रिपोर्टवर या दोघांसाठी छापलेला शब्द एकच: ‘ब्लास्टोसिस्टिस’. लाखो लोकांच्या आडनावावरून एकाचा स्वभाव ठरवावा, तसं ते आहे.

दुसऱ्या बाजूनं, जिवाणूही प्रोटिस्टचा स्वभाव ठरवतात. १९५५ च्या एका प्रयोगात पूर्णपणे जंतुरहित वाढवलेल्या गिनीपिगना आमांशाचा अमीबा दिला, तर आतड्याला जखमाच झाल्या नाहीत. सोबत एखादा जिवाणू दिला, आणि रोग झाला. म्हणजे खराखुरा गुन्हेगारसुद्धा साथीदाराशिवाय हात चालवेना. याच्या उलट, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या प्रोटिस्टच्या अभ्यासात ज्या स्वयंसेवकांच्या विष्ठेत इंडोल नावाचं रसायन जास्त होतं त्यांना तो संसर्ग कमी झाला, आणि ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतात ते जिवाणूच. एकाच ट्रिप्टोफॅनपासून एक शेजारी ढाल बनवतो, दुसरा काडी लावतो.

आता भावानं पाठवलेली बातमी. ती खोटी नाही. २०२४ मध्ये ३२ देशांतल्या ५६,९८९ लोकांच्या नमुन्यांचा मोठा अभ्यास आला. ज्यांच्यात ब्लास्टोसिस्टिस होता त्यांचा आहार सरासरीनं चांगला होता, लठ्ठपणा कमी होता, रक्तातल्या साखर-चरबीचे आकडे बरे होते. याआधीच्या अभ्यासांतही असं वारंवार दिसलंय की तो असेल तिथे जिवाणूंची विविधता जास्त असते. पण भावाला विचारा, आधी काय? चोथा भरपूर, जिवाणू नाना प्रकारचे, म्हणून तिथे ब्लास्टोसिस्टिस रुजला, की तो रुजला म्हणून बाकीचं झालं? त्याच अभ्यासात आहार सुधारणाऱ्या लोकांमध्ये त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, त्यामुळे माझा कल पहिल्या उत्तराकडे आहे. हिरवळ असेल तिथे फुलपाखरं येतात. फुलपाखरं पकडून आणून माळावर सोडली तर हिरवळ उगवत नाही. तेव्हा मैत्रिणीची ‘हाकला’ आणि भावाची ‘जपा’, दोन्ही टोकं सध्या बाजूला ठेवा.

निरुपद्रवी असण्याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र थोडा किळसवाणा आहे. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या हट्टी जिवाणूमुळे वारंवार जुलाब होणाऱ्या रुग्णांना निरोगी दात्याची विष्ठा देतात. नेदरलँड्समध्ये लक्षात आलं की काही दात्यांत ब्लास्टोसिस्टिसचे उपप्रकार १ आणि ३ होते, आणि ते रुग्णांमध्ये पोचलेही. ही माणसं आधीच आजारी, आतडी थकलेली. तरी ब्लास्टोसिस्टिस आल्यामुळे त्यांच्या पोटाच्या तक्रारी वाढल्या नाहीत, आणि उपचारही तितकेच लागू पडले.

मग तुमच्या पोटाला झालंय काय? पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा करणार नाही. पण ज्या वाक्यावरून तुम्ही घाईनं पुढे गेलात तिथे मी अडखळले: ‘प्रवासातून परतल्यावर चार दिवस सडकून जुलाब’. अशा संसर्गानंतर दर दहांतल्या साधारण एकाला पुढे महिनोन्‌महिने पोट फुगणं, पातळ होणं, मधेच अडणं असा त्रास राहतो. संसर्ग जातो, पण आतडं हळवं होऊन बसतं. त्याला संसर्गोत्तर इरिटेबल बॉवेल म्हणतात. तुमची हकिगत त्याच्याशी बरीच जुळते. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू ओसरतो, फक्त आपल्याला हवा त्यापेक्षा सावकाश.

पण त्यावर शिक्का मारण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन काही गोष्टी तपासून घ्या, आणि या वेळी ‘जंतू गेला का’ हे विचारू नका. ‘माझ्या त्रासाची दुसरी कोणती कारणं अजून पाहायची राहिलीत?’ असं विचारा. जिआर्डिया एका साध्या नमुन्यात हुकू शकतो. त्याची अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी झालीय का? पहिल्या रिपोर्टमध्ये ब्लास्टोसिस्टिसच्या शेजारी अमीबाच्या सिस्टचा (कवचात बंद झालेल्या अवस्थेचा) उल्लेख असेल तर तो हिस्टोलिटिका की डिस्पार हे नुसत्या भिंगाखाली सांगता येत नाही, वेगळी चाचणी लागते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सीलिअ‍ॅकसाठीची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठीची) रक्तचाचणी, आणि आतड्याला दाह आहे का ते सांगणारी विष्ठेतली कॅलप्रोटेक्टिन. सीलिअ‍ॅकची चाचणी होईपर्यंत ग्लूटेन बंद करू नका; आधीच बंद केलंत तर चाचणी फसते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पोट बिघडलं की माणसं सगळ्यात आधी तेच बंद करतात आणि मग निदानाची वाटच बुजते. दुधानंतर त्रास वाढतो का, तेही पाहून ठेवा.

शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग वा दाहाचा आजार असणं, यातलं काहीही असेल तर माझं हे पत्र बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजारानं खालावलेली आहे त्यांनीही. त्यांच्याबाबतीत क्रिप्टोस्पोरिडियमसारखे प्रोटिस्ट खरोखरच घातक ठरतात, आणि ‘राहू दे बिचाऱ्याला’ हे धोरण तिथे चालत नाही.

समजा, सगळं तपासलं, दुसरं काही निघालं नाही, आणि तीन-चार महिन्यांनीही त्रास तितकाच आहे. तेव्हा ब्लास्टोसिस्टिसवर आणखी एकदा वेगळ्या औषधाचा प्रयत्न करावा का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडण्यात गैर काही नाही. काही डॉक्टर करतात. पण आधी दोघांत ठरवून घ्या: यश मोजायचं ते पोटावरून, की रिपोर्टवरून? आणि जमलं नाही तर कुठे थांबायचं? हे न ठरवता सुरू केलेले कोर्स तिसरा, चौथा, पाचवा असे नुसते मोजत बसावे लागतात. मेट्रोनिडॅझोल तर तुमच्यावर दोनदा वापरून झालंय. तिसऱ्यांदा मी तरी मागणार नाही.

तोवर वही घ्या. तीन आठवडे, रोज चारच गोष्टी: काय खाल्लं, पोट किती फुगलं, किती वेळा जावं लागलं आणि कसं झालं, झोप किती झाली. ताणाचा दिवस असेल तर कडेला एक फुली. यातून जे दिसेल ते कुठल्याही स्टूल टेस्टपेक्षा तुमच्या डॉक्टरांना जास्त उपयोगी पडेल. चोथा वाढवा, पण मुंगीच्या पावलांनी. हळव्या आतड्यावर एकदम कडधान्यं आणि कोंडा ओतला की जिवाणूंची चंगळ होते आणि तुमचं पोट ढोलासारखं होतं. मग माणूस म्हणतो, ‘मला फायबर सोसत नाही’, आणि चोथा पारच सोडतो. ती चूक महागात पडते. माणसाचे जिवाणू दिलेल्या उंदरांना चोथा नसलेल्या खाण्यावर ठेवलं तर ते जिवाणू आतड्याच्या श्लेष्माचा थर कुरतडायला लागतात, हे प्रयोगात दिसलंय. पाण्यात विरघळणाऱ्या चोथ्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडा थोडा. एखाद्या आठवड्यात त्रास झाला तर आधीच्या मापावर या, शून्यावर येऊ नका.

क्लीन्सबद्दल मैत्रिणीला दुखवायचं नसेल तर आभार माना, पण मागवू नका. त्या पुड्यांत पुष्कळदा रेचक आणि फुगणारे धागे असतात. ते आतड्यातला श्लेष्म गुंडाळून लांब दोरीसारखे बाहेर पडतात, लोक फोटो काढून ‘बघा, निघाला’ म्हणून एकमेकांना पाठवतात. ब्लास्टोसिस्टिस उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. जे दिसलं ते तो नव्हे, एवढंच लक्षात ठेवा.

पतींना औषध नको. त्रास नसलेल्या माणसाला ब्लास्टोसिस्टिससाठी औषध देण्याचं कारण नाही, आणि ‘निल’ आला की नाही हे पाहायला त्यांची पुन्हा टेस्टही नको. तुमचीही नको. पोट बरं झालं तर रिपोर्ट काय म्हणतो यानं काही फरक पडत नाही, आणि पोट बरं नसेल तर ‘निल’ रिपोर्ट हातात घेऊनही तुम्ही तितक्याच वेळा उठणार आहात. संडासानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात, पाण्याबद्दल शंका असेल तर उकळून, कारण अशा सिस्ट नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. यापलीकडे घर धुऊन काढायची गरज नाही.

राहिली लेक. ती खातेपिते, खेळते, वजन वाढतंय, पोटाची तक्रार नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या आठवड्यातली टेस्ट रद्द करा. केली तर बहुधा तेच नाव छापून येईल, आणि मग चार वर्षांच्या मुलीला नसलेल्या आजाराचं कडू औषध पाजायचं की नाही यावर घरात तीन मतं होतील. तिला जुलाब लागले, वजन थांबलं, तर तेव्हा बघू, आणि तेव्हाही आधी जिआर्डिया शोधायचा. कुशीत घेण्याचं विचारलंत, तर सिस्ट हात, पाणी, अन्न यांतून तोंडात जातात, मायेनं जवळ घेतल्यानं नाही. हात धुतलेत ना? मग आज रात्री घ्या तिला जवळ.